ओट्यावरचा बॉक्स

सणसवाडीच्या घरात माझी एक खोली आहे, असं मी गेली वीस वर्षं दौंडच्या कॉलेजात सांगत आलो आहे. रिटायर झालो की तिथंच राहायचं, हेही सांगतो. सहकारी जांभया देतात. घर धाकटा भाऊ सतीश सांभाळतो. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, "दादा, तुझ्या खोलीचं वायरिंग नवीन करून घेतो. उशाशी दिव्याला पॉइंट पाहिजे होता ना तुला?" भाऊ असावा तर असा, असं मी स्टाफरूममध्ये मोठ्यानं म्हणालो.

शनिवारी गेलो तर वायरमन दत्ता भिंत फोडत होता. आमचा गिलावा जुना, चुन्याचा. कटर लावला तर हातभर पोपडा सुटून येतो. म्हणून दत्ता छन्नीनं, दात कोरल्यासारखा, वायरीसाठी झिरी पाडत होता.

"दत्ता, पलंग इथं येणार. बटणांचा बॉक्स खाली घे की."

"खाली? आन् मिक्सर कुठं लावायचा, सर?"

"मिक्सर?"

"हितं ओटा हाय न्हवं. ओट्याच्या वर फूटभर बॉक्स. सतीशभाऊंनी खुणा करून दिल्यात."

भिंतीवर पेन्सिलीनं सतीशचं अक्षर होतं : 'ओटा'. माझ्या पुस्तकांच्या फळीखाली : 'मोरी'.

"कोण राहणार इथं?"

"कंपनीतली पोरं. मीटर बी येगळा येतोय, वहिनींच्या नावचा. ना-हरकतीवर तुमची सही हाय म्हणं."

होती. दिवाळीत सतीशनं कागद पुढं केला होता. मी मराठीचा प्राध्यापक. त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका दुरुस्त केल्या, नवी प्रिंट आणायला लावली आणि सही ठोकली. आशय वाचायचा राहिला.

सतीश चहा घेऊन आला. माझा चेहरा बघून त्यानं तो दत्ताला दिला.

"दादा, महिन्यातनं दोन दिवस येतोस तू. खोली काय उंदरांना ठेवायची?"

"विचारायचं तरी मला."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास." हे त्यानं इतक्या समजुतीनं सांगितलं, की क्षणभर मलाच माझा हट्टीपणा खटकला. "आणि तुला वाऱ्यावर सोडलंय का? जिन्याखाली जागा काढलीय तुझ्यासाठी. वेगळा बॉक्सपण घेतलाय."

तो गेल्यावर मी जिन्याखाली वाकून पाहिलं. बॉक्स खरंच होता. जमिनीपासून हातभर वर, बरोबर उशाशी येईल असा. मन थोडं निवळलं. दत्ताला हाक मारून बोलावलं.

"दत्ता, हा माझ्या दिव्याचा ना?"

दत्ता छन्नीचं टोक अंगठ्यावर घासत राहिला.

"सर, त्यो मोटरीचा हाय. टाकीच्या."

मग उगाच घसा खाकरून म्हणाला, "जरा हात देता का? वरचा बॉक्स धरा, सिमेंट ओढून घट्ट होस्तोवर."

मी खोलीत जाऊन मिक्सरचा बॉक्स धरून उभा राहिलो.

"हलवू नका, सर. वाकडा बसला की भाडेकरू मालकाला शिव्या देत्यात."

"कुठल्या मालकाला?"

"सतीशभाऊंना."

मी बॉक्स किंचित तिरका केला.