पट्टा सोडून

मावशी दारासमोर बसली आणि अख्खी तुकडी जागच्या जागी थबकली. स्फोटकांचा वास आला की बसायचं, एवढंच तिला शिकवलेलं. कमांडो तुकडीतली ही कुत्री सगळ्यांवर डाफरायची म्हणून तिचं नाव मावशी, आणि तिचा पट्टा धरणारा जवान आपोआप भाचा.

पळून गेलेल्या अतिरेक्यांनी दारांना सुरुंग लावलेत, अशी खबर होती. पण सकाळपासून मावशी दोन दारांपुढे बसली आणि दारांना हात न लावता भिंती फोडून पाहिलं तर दोन्हीकडे काहीच नव्हतं. या तिसऱ्या दाराआड ओलीस ठेवलेली डॉक्टरीणबाई जखमी पडली होती. तिचं कण्हणं आता जेमतेम ऐकू येत होतं.

"भिंत फोडेपर्यंत ती टिकायची नाही," कॅप्टन दबक्या आवाजात म्हणाला. "भाच्या, नक्की काय ते सांग."

घरी मुलगी झाल्यापासून दार दिसलं की भाच्याचं पाऊल अडखळायचं, मूठ आवळायची. ते पट्ट्यातून मावशीला कळत असणारच. हा थांबला की बसायचं, असा तिनं अर्थ लावला तर तिचं काय चुकलं? घाबरायचं यानं आणि नाव खराब व्हायचं तिचं!

"साहेब, ती दार हुंगत नाहीये. माझ्याकडे बघून बसतेय."

त्यानं पट्टा काढला, दाराकडे पाठ केली, हाताची घडी घातली. "मावशी, शोध. साहेब, तुम्ही बघा. माझं तोंड तिला दिसायला नको."

नखांचा आवाज फरशीवरून दाराकडे गेला आणि थांबला. भाचा भिंतीचे पोपडे बघत उभा राहिला. मागे जोरजोरात हुंगणं, मग काहीच नाही. मग नखं पुन्हा वाजली आणि ओलं नाक त्याच्या पोटरीला लागलं.

"बसली नाही," कॅप्टन म्हणाला. "खात्री आहे?"

"तिची आहे. दार मीच उघडतो."

त्यानं कडी काढली. काही झालं नाही. डॉक्टरीणबाई जिवंत होती.

बाहेर सगळे त्याची पाठ थोपटत होते. त्यानं पट्टा गुंडाळून कॅप्टनच्या हातात ठेवला. "हिला दुसरा माणूस द्या, साहेब."

"अरे, घाबरतात तर सगळेच."

"हो, पण त्यांच्या हातात पट्टा नसतो."

"राहील ती तुझ्याशिवाय?"

"दोन-चार दिवस जेवणार नाही. मग राहील." त्यानं मावशीच्या कानामागे खाजवलं. "फक्त तिला 'जा' तेवढं तुम्ही म्हणा. माझ्या तोंडून नाही निघायचं."