नाकातून निघालेलं पाप

माणसाच्या देहात साठलेलं पाप कानातून फुंकर घातली की नाकावाटे बाहेर पडतं, हे सत्य इंझोरी गावात एका मंगळवारी सर्वांसमक्ष सिद्ध झालं. त्यासाठी बांबूची नळी, मूठभर ऊद आणि बेबीबाईची नऊ वर्षांची पल्लवी एवढंच साहित्य पुरलं.

मंडपात माणसं एकमेकांच्या चपलांवर बसली होती. धूरबाबांनी आधी सरपंचांच्या कानात धूर फुंकला. तो कानातूनच परत आला.

"पाप मुरलं हाय तुह्यात!" बाबा गरजले. सरपंचांनी मान खाली घातली. आरोप अगदीच निराधार नव्हता.

गोजराबाईचंही तेच झालं. मग पल्लवीचा डावा, वाहणारा कान पुढे आला. बाबांनी फुंकलं आणि पोरीच्या नाकातून निळसर धूर निघाला. मंडप दणाणला. पल्लवी खोकून खोकून लाल झाली.

"खोकू दे. पाप खोकून राह्यलं! आता दर मंगळवारी धूर, आन् रोज मंतरलेलं तेल."

बेबीबाईनं भरल्या डोळ्यांनी भावाकडे, देवमनकडे पाहिलं. पोरीला बाबांकडे आणा म्हणून तोच मागे लागला होता. त्या दिवसापासून देवमनला बाबांच्या शेजारची गादी मिळाली, आणि रस्त्यात तोंड फिरवणारे लोक त्याला रामराम घालू लागले.

हिवाळ्यापर्यंत पल्लवीच्या कानाला घाण वास सुटला आणि ताप चढला. देवमन म्हणाला, "बाई, शेवटचं पाप जड रायते." या वेळी बेबीबाईनं त्याचं ऐकलं नाही. तिनं एकटीनंच वाशीमची बस धरली.

कानाच्या डॉक्टर सुकेशनी मॅडमनी बारीक दिव्यानं आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"यात काय घातलं?"

"तेल. आन् धूर. नाकातून निघे न तो."

"निघणारच. कानात पडदा असतो, डफड्याच्या कातड्यासारखा. आवाजानं तो थरथरतो म्हणून ऐकू येतं. त्यामागून एक नळी नाकाच्या मागे उतरते, सगळ्यांनाच. पडदा धड असला की धूर तिथंच अडतो. हिच्या पडद्याला भोक आहे. डफडं फाटलं की बद्द वाजतं, तसं हिला कमी ऐकू येतं. मागच्या वर्षी भोक मोहरीएवढं होतं. कान कोरडा ठेवा, आत घातलेलं नाकात उतरतं, भोक नाही भरलं तर छोटं ऑपरेशन करू, असं मी सांगितलं होतं. आता अर्धा पडदा गेलाय."

"मागच्या वर्षी? कोनाले सांगतलं?"

"हिच्या मामांना. तेच घेऊन आले होते."

बेबीबाईला आठवलं. तेव्हा ती कापूस वेचायला गेली होती. 'मळ हाय फक्त,' देवमननं घरी येऊन सांगितलं होतं.

पुढच्या मंगळवारी ती मंडपात शिरली. बाबांच्या हातातली नळी हिसकून तिनं त्यांच्याच कानाला लावली आणि जीव खाऊन फुंकली. धूर कानातूनच परत आला. बाबांचं नाक कोरडं राहिलं.

"पाहा! यायच्यात तं सरपंचाएवढंच पाप हाय!"

सरपंच सगळ्यांत मोठ्यानं हसले. बेबीबाईनं डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मग ती भावाकडे वळली.

"भोक हाय, हे तुले मालूम होतं. काहून केलं रे?"

"बाई, गावात मले कोन इचारत होतं..."

"म्हून माह्या लेकीचा कान देला?"

देवमन गादीवरून उतरला. बाबा दुपारच्या बसनं गेले. गादी तिथंच राहिली.

वाहता कान कोरडा ठेवावा. त्यात तेल, धूर, फुंकर, काहीही घालू नये, आणि दवाखाना गाठावा. एवढं समजायला कुठल्याही बाबाची गरज नाही.

उन्हाळ्यात देवमन बहिणीच्या दारी आला. पल्लवी ओट्यावर बसली होती. तो तिच्या डाव्या बाजूला टेकला आणि हळूच म्हणाला, "पल्लू, चुकलं माह्यं."

तिनं मान वळवली नाही.

"रुसली काय वं?" त्यानं बेबीबाईला विचारलं.

पल्लवी रुसली नव्हती. हळू बोललेलं तिला त्या कानानं ऐकू येत नव्हतं.