करवतकाठाची भिंत

गोळीबार चौकाजवळच्या नत्थूजी विणकराच्या घरात एक रीत होती. मागावरून उतरल्याशिवाय लुगडं कोणाला दाखवायचं नाही, अर्ध्या कापडाला नजर लागते. गिऱ्हाईक दारात दिसलं की नत्थूजी मागावर जुनं धोतर टाकत.

शहाऐंशी साली कृष्णकांतमामानं मुंबईहून कॉम्प्युटर आणला, टीव्हीला जोडायचा, पाटीएवढा. नत्थूजींची लेक प्रेमिला टायपिंगच्या क्लासहून आली की त्याच्यापुढे बसे. माकडं, भुतं, खजिने. उडी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. खेळता खेळता तिच्या मनानं घेतलं, आपणच एक खेळ करावा. खार धावेल, बोरं वेचेल, आणि तिच्या पायाखालची भिंत असेल बाबांच्या लुगड्याचा करवतकाठ, करवतीसारखा दातेरी. त्या काठाचा नमुना, चौकटीच्या कागदावर काढलेला, मागाशेजारी टांगलेलाच होता. एक घर भरलेलं, एक घर रिकामं. कॉम्प्युटरलाही तेवढंच तर कळत होतं.

नत्थूजींना कुणकुण लागली. ऐन दिवाळीत ते माग सोडून तिच्या पाठीशी येऊन उभे राहिले.

"माहा काठ टाकून राहिली म्हणे. दाखव न वं मले."

तिनं टीव्हीवर ओढणी टाकली. "मागावरचं कोणाले दाखवते का, बाबा?"

"घ्या. गुरूची विद्या गुरूले," म्हणत ते हसत परत गेले.

खेळातली खार काठाच्या दातांत अडकत होती, एवढंच निस्तरायचं बाकी होतं. पण तेवढ्यानंच संक्रांत उलटली. इकडे नत्थूजींना तुटलेला धागा सापडेना. आधी त्यांनी सुताला नावं ठेवली, मग बल्बला. डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही म्हणाला. प्रेमिलाच्या मनात एकच घोळत राहिलं. दिवाळीत त्यांना दिसत होतं.

होळीच्या आधी खेळ पुरा झाला. तिनं बाबांना हाताला धरून टीव्हीपुढे बसवलं, कॅसेट लावली. कॅसेटवरून खेळ कॉम्प्युटरात चढायला पाच मिनिटं लागत. तोवर टेप किंचाळे आणि पडद्यावर नुसते आडवे पट्टे धावत. नत्थूजींनी मान तिरपी केली, पडद्याला नाक लागेपर्यंत वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"काठ लय साजरा उतरला, बाई," ते म्हणाले. "अस्साच पाह्यजे."

खेळ अजून आलाच नव्हता.

"हो, बाबा," प्रेमिला म्हणाली.

ते समाधानानं उठले आणि भिंत चाचपत ओसरीकडे गेले. थोड्या वेळानं टेप गप्प झाला. काळ्या पडद्यावर करवतकाठ दातान् दात उभा राहिला. खार कुठंच अडकत नव्हती. प्रेमिलानं ओसरीकडे पाहिलं आणि टीव्हीवर ओढणी टाकली.