शेवटाला भ्यालेली कादंबरी

मित्रांनो, मी एक जुनी ऐतिहासिक कादंबरी आहे. मुखपृष्ठावर उधळलेला घोडा आहे म्हणून मुले मला उचलतात; आत सगळे प्रेमच आहे म्हणून लगेच ठेवून देतात. माझा जन्म पुण्यातल्या छापखान्यात झाला आणि पाठवणी भुकूमच्या वाचनालयात. एके काळी माझ्यासाठी लोक नंबर लावत. माझी नायिका गंगू डोंगरातल्या वाडीची, मोळी विकणारी. ती जखमी सरदाराला झाडपाल्याने बरे करते आणि दोघांचा एकमेकांवर जीव जडतो. हे वाचून कितीजणींनी माझ्यावर टिपे गाळली! त्या डागांवर मी फार मिरवले.

पुढे गावात इमारती उठल्या, लोक फोनमध्ये डोके घालून बसू लागले. कॅरमच्या टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली टेकण म्हणून मला सरकवले.

तिथून मला पारूने सोडवले. पारू वरच्या वाडीची, भातखाचरात मजुरी करणारी. चाळिशीत प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकलेली. मुखपृष्ठावर घोड्यामागे मोळी घेतलेली बाई आहे, हे आजवर कुणी पाहिले नव्हते. पारूला आधी तीच दिसली.

भातातले तण काढायच्या, बेणणीच्या दिवसांत, दुपारच्या भाकरीनंतर, पारू बांधावर बसून ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाची. बायका ऐकत. माझ्या समासाला चिखल लागे, पण मी सुखात होते. सकाळचे कॉलेज आटोपून पारूची लेक रेश्माही येई. रेश्मा वर्गात आपल्या वाडीचे नाव सांगायला लाजायची, भुकूमची आहे म्हणायची. पारूला हे ठाऊक होते आणि ते तिला लागले होते. पण गंगूची गोष्ट रेश्मा एक दिवसही चुकवत नसे.

शेवटचे प्रकरण वाचताना अडखळू नये, म्हणून पारूने ते घरी आधीच वाचून पाहिले. माझा शेवट असा आहे: गंगूच्या दंडावरची खूण पटते, ती जहागीरदाराची हरवलेली लेक निघते आणि मगच लग्न होते. इथे पूर्वीच्या बायका समाधानाने सुस्कारा टाकीत. पारूने मात्र मला मिटले आणि ती मुखपृष्ठावरच्या मोळीवाल्या बाईकडे पाहत राहिली. मला पहिल्यांदाच माझी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी बांधावर तिचे बोट माझ्या ओळींवर फिरत होते, पण शब्द माझे नव्हते.

"सरदार आईला म्हनला, ही वाडीची हाय," पारू वाचू लागली. "धाकलूची लेक हाय. लगीन करीन तर हिच्याशीच."

धाकलू हे रेश्माच्या बापाचे नाव. नवऱ्याचे नाव पारू उखाण्याशिवाय कधी घेत नसे. बायकांनी चमकून पाहिले. रेश्मा वाकून माझ्या पानात बघू लागली. तिला तर चांगले वाचता येत होते. आता पितळ उघडे पडणार, असे मला वाटले.

आईचे बोट ओळीवरून घसरले होते, ते रेश्माने उचलून परत ओळीवर ठेवले.

मला परत करायला दोघी आल्या. पुस्तक कसे वाटले, असे ग्रंथपाल रामदास यांनी विचारले.

"चांगलं हाय," पारू म्हणाली, "पर शेवटाला भ्यालं."

रेश्माने त्याच दिवशी सभासदाचा अर्ज भरला. गावाच्या रकान्यात तिने वाडीचे नाव लिहिले, ठळक अक्षरात.

मित्रांनो, माझी पाने दुमडू नका, मला टेबलाखाली तर घालूच नका. आणि उद्या तुमच्यापैकी कुणी पुस्तक लिहिलेच, तर एवढे करा: गंगूला तिच्या वाडीतल्या बापाचीच लेक राहू द्या.