लेखिकेच्या घरी पाहुणं आलेलं पुस्तक

खण्ण! वीज गेल्यानं पंखा थांबला होता, घर अगदी गप्प होतं, आणि तेवढ्यात चटईवरच्या बाळानं हातातला चमचा फरशीवर टाकला. न्वाकाएगोनं तो उचलला, बाळाला पाठीशी बांधलं आणि थोरल्या सोम्तोला जवळ बसवून मला उघडलं.

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे, एनुगू शहरातल्या वाचनालयाचं. मला लिहिलं ते याच बाईनं, सोम्तो तान्ही असताना, भात शिजेपर्यंतच्या वेळात. खाणीत शिरलेल्या एका शेळीची गोष्ट आहे माझ्यात. छापून झालो तो थेट वाचनालयाच्या फळीवर गेलो.

तेव्हा शेजारची एबुकाची आई म्हणाली होती, "अगं सोम्तोच्या आई, फुकट वाचायला मिळाल्यावर विकत कोण घेईल? शेळी तू पाळायची आणि दूध गावानं प्यायचं!"

मलाही धास्ती वाटली. पण तसं झालं नाही. मी घरोघर फिरलो. कुणी ओक्पा खाता खाता त्याचा चुरा माझ्यात सांडला, कुणी पामतेलाचं बोट लावलं. फिरलो खूप, तरी मी एकच राहिलो. मी एका घरी असलो की दुसऱ्या घरचं मूल वाट पाहायचं, नाहीतर आईमागं लागायचं, "मला माझं स्वतःचं हवं!" एका शिक्षिकेनं मला वर्गात वाचून दाखवलं आणि शाळेनं वर्गापुरत्या प्रती मागवल्या. माझी शिवण उसवली, तेव्हा वाचनालयानं माझ्या जोडीला नवी भावंडं विकत आणली. प्रत्येक विकलेल्या प्रतीमागं न्वाकाएगोच्या हातावर थोडं काही पडायचं. त्या जोरावर तिनं गोष्टीचा दुसरा भागही लिहून काढला.

मग कुणीतरी न विचारता छापलेली माझी जुळी बाजारात आली. पातळ कागद, पुसट शाई, शेळीच्या चित्राच्या जागी नुसता काळा डाग. पण किंमत निम्मीही नाही. या वर्षी शाळेनंही तीच घेतली. त्यातलं काहीच न्वाकाएगोपर्यंत पोचलं नाही. प्रकाशकानं मला छापणं थांबवलं. तो तिला म्हणाला, "बाई, बाजार तुमच्याच पुस्तकानं भरलाय. मी छापू कुणासाठी? दुसरा भाग तर राहूच द्या." वाचनालयातल्या बाईंना ती हे सांगत होती, तेव्हा मी फळीवरून ऐकलं. तिच्या घरची शेवटची प्रत कुणीतरी मागून नेली ती नेलीच. म्हणून सोम्तोला वाचून दाखवायला आज तिनं मलाच घरी आणलं.

वाटेत मिरच्या घ्यायला ती सोम्तोला घेऊन बाजारात थांबली. त्या स्वस्त प्रतींचा ढीग मांडून बसलेल्या विक्रेत्यानं हाक मारली, "मॅडम, लेकीसाठी घ्या! सगळी पोरं हेच वाचतायत."

तिनं ढिगाकडं पाहिलं. "हे मी लिहिलंय."

"असं होय?" तो मनापासून हसला. "मग तुम्हाला आणखी स्वस्तात देतो की!"

सोम्तो त्या ढिगाकडं वळून वळून बघत राहिली.

मित्रांनो, ज्याच्या खिशात खऱ्या प्रतीपुरते पैसे नाहीत, त्यानं ती स्वस्त प्रत घेतली तर न्वाकाएगोचं नेमकं काय गेलं, हे मला सांगता येत नाही. पण त्याच्यासाठीच तर मी फळीवर उभा असतो. मला मागून न्या, वाचा, नीट परत आणा. मी झिजलो तर दुसरं खरं पुस्तक विकत येतं. माझ्या झिजण्यानं लिहिणाऱ्याची चूल कधी विझली नाही.

न्वाकाएगोनं माझं शेवटचं पान वाचलं. पाठीवरचं बाळ झोपी गेलं होतं. सोम्तोनं माझ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "मम्मी, एवढे सगळे तुझी गोष्ट घेतात, मग पुढची गोष्ट कुणालाच का नको आहे?"