दारापर्यंतची गाडी

गाडी घेतली तर घेतली, पण ती फाट्यावर ठेवून चालत घरी येणारा माणूस चांगुणानं उभ्या जन्मात बघितला नव्हता. आणि बघायची वेळ आली ती नेमकी पोटच्या पोरावर.

शनिवारी संध्याकाळी संघपाल पुण्याहून आला, तो पाठीला बॅग लावून, घामाघूम होऊन, पायी. चांगुणा दुपारपासून दारात उभी होती. तिनं त्याच्या मागं बघितलं, मग त्याच्या मागच्याही मागं बघितलं. गल्लीत एक शेळी सोडून काही नव्हतं.

"गाडी कुटं हाय?"

"फाट्यावर. हॉटेलवाल्याच्या शेडमध्ये लावलीय."

"का? दारात काय काटं पसरलेत?"

"काटे नाहीत आई, ब्रेकर आहेत. आपल्या गल्लीत पाच आहेत, मोजलेत मी. आणि माझ्या गाडीचं पोट जमिनीपासून एवढंच." त्यानं चार बोटं आडवी धरून दाखवली. "स्पोर्ट्स कार आहे. अशीच असते ती."

चांगुणानं त्या चार बोटांकडं असं बघितलं, जणू त्यानं काहीतरी नासकं आणून दाखवलंय. "विड्या वळाया मांडीवर सूप घिऊन बसले तर माझं सूपसुदिक ह्याच्यापेक्षा उंच असतं की रं! आन एवढं शिकून तू ही गाडी घेतलास?"

तिचा नवरा ईश्वर आतून म्हणाला, "अगं, पोरगं दमून आलंय, आदी पाणी दे." ईश्वरनं सगळी हयात गवंड्याच्या हाताखाली काढली होती आणि घरात चांगुणाच्या. त्यामुळं तो बोलायचा कमी आणि वेळेवर.

पाणी दिलं, जेवण दिलं. पण रात्रभर तिच्या डोक्यातनं गाडी गेली नाही. कुंभारी गावातल्या या वसाहतीत ती चौतीस वर्षं राहत होती. रोज भुईवर बसून हजारभर विड्या वळायच्या, पाटी डोक्यावर घेऊन कारखान्यात पोचवायच्या आणि पानं-तंबाखू घेऊन परत यायचं, सगळं पायी. गल्लीतल्या श्रीमंतची बायको महानंदा नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसून जायची आणि जाताना "येऊ का अक्का?" म्हणून हात हलवायची. चांगुणाला मोटारसायकल नको होती, बंगला नको होता. एकदाच, फक्त एकदाच, गल्लीदेखत लेकाच्या गाडीतनं आपल्या दारात उतरायचं होतं. एवढं साधं मागणं होतं बाईचं.

त्यात सकाळी नळावर महानंदानं काडी घातलीच. "ऐकलं की अक्का, संघपालनं गाडी घेतली म्हणं. दिसना कुटं?"

झालं. चांगुणा भरलेली घागर तिथंच सोडून घरात आली. पेटीतली, जयंतीला नेसायची ठेवणीतली पांढरी साडी काढली, केसांना तेलाचा हात लावला आणि अंथरुणातल्या लेकाच्या अंगावरची चादर ओढली. "ऊठ. मला गाडीतनं आण."

"कुठून?"

"फाट्यावरनं हितं. दारापतोर."

"आई, ब्रेकर..."

"ब्रेकरबिकर मला सांगू नगंस! सगळ्या दुनियेच्या गाड्या येत्यात. पाण्याचा टँकर येतो, गॅसचा टेम्पो येतो. तुझीच काय नवरीबाई हाय?"

माय-लेक पायी फाट्यावर गेले. शेडमध्ये ती उभी होती. लाल, चकचकीत, दोन दारांची आणि उंचीला चांगुणाच्या कमरेएवढी. संघपालनं दार उघडलं तेव्हा त्याचा चेहरा असा फुलला होता की चांगुणाचा राग जरासा उतरला. पोरानं जुनीच घेतली होती, पण लहानपणापासून हिचंच चित्र भिंतीला चिकटवलं होतं त्यानं. असू दे, म्हणाली ती मनात, हौस हाय पोराची.

मग ती बसायला गेली. आधी एक पाय आत, मग डोकं, मग बूड टेकायला म्हणून खाली गेली, तर खालीच चालली. बूड टेकलं तेव्हा पाय नाकासमोर आले होते.

"अरं, ही खुर्ची हाय का खड्डा?"

"सीट खालीच असते आई, वाऱ्याला..."

"वाऱ्याला घाल चुलीत! आयुष्यभर भुईवर बसून विड्या वळल्या. म्हटलं, पोरगं शिकलं, नोकरीला लागलं, आता कुटंतरी वर बसवंल. तर ह्यानं एवढं पैसं घालून मला परत भुईवरच बसिवलं की!"

संघपाल हसला. तीही हसली, खोटं कशाला बोलायचं. डांबरी रस्त्यावर गाडी अशी सुळकन निघाली की तिला पोटात गुदगुल्या झाल्या. काचेतनं रस्त्यावरच्या माणसांचे गुडघे तेवढे दिसत होते, तरी तिनं पदर नीट केला आणि मान ताठ केली.

आणि गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली.

"उतर आई."

"आलं व्हय घर?"

"घर नाही, शिवयोगीकाकांचा ब्रेकर. तू उतरलीस की वजन कमी होतं, गाडी दोन बोटं वर येते. तू चालत पलीकडं जा, मी गाडी आणतो, मग परत बस."

आता या वसाहतीत ब्रेकर कोण करतं, तर ज्याच्या त्याच्या घरचा स्लॅब. स्लॅब टाकला की थोडा सिमेंटचा माल उरतोच. तो वाया कशाला घालवायचा? मग मालक आपल्या दारासमोर रस्त्यावर आडवा ओततो, थापी मारतो, कडेला चार विटा लावतो आणि दोन दिवस पाणी मारतो. परवानगी नाही, माप नाही, पांढरा पट्टा नाही. पुढचा माणूस मागच्यापेक्षा बोटभर उंचच करतो, कारण आपण काय त्याच्यापेक्षा कमी आहोत का?

चांगुणा उतरली. म्हणजे उतरता येईना म्हणून दाराला धरून, कण्हत, कुथत, एकदाची उभी राहिली. गुडघ्यात कट् झालं. ती ब्रेकरच्या पलीकडं गेली. संघपालनं गाडी तिरपी करून एक-एक चाक चढवलं, उतरवलं, मग बाहेर येऊन खाली वाकून गाडीचं पोट बघितलं. "लागलं नाही," तो खूश होऊन म्हणाला. चांगुणा परत त्या खड्ड्यात बसली.

पन्नास पावलांवर गुरुशांतचा ब्रेकर. पुन्हा उतर, पुन्हा चाल, पुन्हा वाकून बघ, पुन्हा बस.

"ह्या गुरुशांतला काय धंदा न्हाई?" चांगुणा कडाडली. "रस्ता काय ह्याच्या बाच्या नावावर हाय? महापालिकेची माणसं काय झोपलीत काय?" कुंभारीला महापालिका नाही, ग्रामपंचायत आहे, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण रागाला मोठं ऑफिस लागतं.

तिसरा ब्रेकर श्रीमंतचा. श्रीमंत बनियनवर बाहेर आला आणि हातवारे करायला लागला, "डावीकडं दाब संघपाल, आनखी डावीकडं, चेंबर सांभाळ, चेंबर!" इंजिनाखालची तेलाची पेटी म्हणजे चेंबर, ती फुटली की गाडी जागेवर बसते. चांगुणा एक हात गुडघ्यावर ठेवून लंगडत पुढं चालली होती आणि मागनं रिकामी गाडी गोगलगायीच्या चालीनं येत होती. दारात महानंदा उभी.

"अगंबाई, अक्का! तुमी चालत चाललाव व्हय? आन गाडी मागनं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांगुणा तशीच लंगडत पुढं गेली. श्रीमंतच्या सात पिढ्यांना जे बोलायचं ते ती गाडीत बसल्यावर बोलली. चौथ्या ब्रेकरला मात्र ती मुकाट उतरली आणि मुकाट बसली. संघपाल खाली वाकून बघत होता तेव्हा ती काचेतनं त्याच्या पाठीकडं बघत होती. दर वेळी तो गाडीखाली बघतो, तिला वाटलं, आणि दर वेळी आपण दाराला लोंबकळून एकट्याच उठतो.

पाचवा ब्रेकर आला. घर समोर दिसत होतं. ईश्वर उंबऱ्यावर उभा होता. गल्ली गोळा झाली होती.

आता लपवून काय उपयोग? पाचवा ब्रेकर चांगुणाचाच होता आणि सगळ्यात उंच तोच होता. तीन वर्षांपूर्वी स्लॅब टाकला तेव्हा ईश्वर "बास झालं" म्हणत होता आणि ही कमरेवर हात ठेवून "आनखी घाला, आनखी" म्हणत होती. त्याला कारण होतं. गल्लीतल्या सगळ्या बाया दारात खाली बसून विड्या वळतात, पाय रस्त्याकडं पसरून. त्या साली एक मोटारसायकलवाला सुसाट आला आणि चांगुणाच्या पायाच्या दोन बोटांवरून गेला. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही मेल्यानं. अर्ज दिला, उत्तर आलं नाही. तेव्हा बाईनं स्वतःच उत्तर ओतलं, नऊ इंच उंच.

"आई, उतर. हा शेवटचा."

"न्हाई उतरत."

"अगं, हा सगळ्यात वाईट आहे. गाडीला लागेल."

"आन मला लागतंय त्याचं?" ती एवढ्या मोठ्यानं बोलली की उघड्या काचेतनं गल्लीनं ऐकलं. "चार येळा उतरले, चार येळा चढले. एकदा तरी इचारलंस, आई, गुडघा कसा हाय म्हणून? गाडीच्या पोटाखाली चार येळा बघितलंस. मी हितं माझ्या दारात उतरणार. चालव."

संघपालचे कान लाल झाले. त्यानं गाडी पुढं घेतली. पुढची चाकं चढली, उतरली आणि मग पोटातनं असा करकर आवाज आला की श्रीमंतनं डोळे मिटले. गाडी ब्रेकरवर पोट टेकून बसली. पुढं जाईना, मागं येईना. मात्र चांगुणाचं दार बरोब्बर तिच्या उंबऱ्यासमोर आलं होतं.

संघपाल उडी मारून बाहेर गेला आणि सरळ रस्त्यावर पालथा झोपला.

चांगुणानं दार उघडलं. उठायला गेली, गुडघ्यानं साथ दिली नाही. ईश्वर पुढं झाला. "ये, धर हात."

"तुमी बाजूला व्हा. ज्यानं बसिवलं त्यानं उतरवायचं. संघपाल!"

गाडीखालून आवाज आला, "थांब गं आई, तेल गळतंय का बघू दे."

महानंदासुद्धा हसली नाही. चांगुणानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. "बघ," ती म्हणाली. "निवांत बघ. मी बसलीय."

आणि ती बसली. ईश्वर हात पुढं करून उभा, ती समोर बघत बसलेली. कुणी खोकलंसुद्धा नाही. शेवटी संघपालला ती शांतता ऐकू गेली असावी. तो बाहेर आला, शर्टाला धूळ, हाताला काळं. दाराशी आला, दोन पायांवर बसला आणि दोन्ही हात पुढं केले.

"लई दुखतोय का गं?"

"लवकर इचारलंस!"

पण तिनं हात धरले, सगळं वजन त्याच्यावर टाकलं आणि उतरली. पांढऱ्या साडीला काळी बोटं उठली, तिनं बघितलंही नाही.

श्रीमंतला आता राहवेना. "अक्का, पहार आणू का? ह्या ब्रेकरला दोन घाव घातलं की गाडी मोकळी."

संघपालनं आईकडं बघितलं. "फोडूया का?"

"हात तर लावून बघा त्याला!" चांगुणा उंबऱ्यावर टेकली आणि तिनं पाय रस्त्याकडं लांब केले. "आठ जण बोलवा, गाडी उचला. आमी हितं खाली बसणारी माणसं हाय, ब्रेकर न्हाई हलणार. आन तू रं, पुढल्या खेपंला गाडीनं ये न्हाईतर एसटीनं ये, पर आलास की आदी माझ्याकडं यायचं. मग खाली वाकून काय बघायचं ते बघ."