हिरव्या पट्ट्यातली शालन

मी टीव्हीवरची रंगीत काच बोलतेय. काच आपलं म्हणायचं, खरं तर मी प्लॅस्टिकची. ज्यांच्या घरी कधीकाळी ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही होता, त्यांना मी आठवत असेन. वर निळा पट्टा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. मला पडद्यावर अडकवलं की आभाळ निळं आणि गवत हिरवं दिसायचं. बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळसुद्धा निळं दिसायचं, पण त्याबद्दल कुणी कधी तक्रार केली नाही. घरात रंगीत टीव्ही आला, एवढ्यावर माणसं खूश होती.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला ठाऊक नाही. मला समज आली ती कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानाबाहेर सुतळीनं टांगलेली असताना. तिथून मंगळवार पेठेतल्या गणपतरावांनी मला काखेत मारून घरी नेलं. त्यांची पिठाची गिरणी होती आणि सगळी गल्ली त्यांना आण्णा म्हणायची. त्यांच्या बायकोनं, बाळाबाईंनी, टीव्हीला हळदकुंकू लावलं होतं, तसं माझ्याही कोपऱ्याला एक बोट लावलं. साल शहाऐंशी असावं.

माझा एक गुण दुकानदारालाही माहीत नव्हता. पडद्यावर उजेड असला की माझ्यातून चित्र दिसायचं. पण पडद्यावर अंधार झाला की समोर बसलेली माणसं माझ्यात दिसायची, अगदी दारापर्यंतची. मी चित्रं तयार करत नाही, हे लक्षात ठेवा. समोर जे असेल तेवढंच मी परत देते. पुढचं ऐकताना हे विसरू नका.

रविवारी दुपारी एका इन्स्पेक्टरची हिंदी मालिका लागायची. दर रविवारी नवा खून. तिरीप नको म्हणून आण्णा खिडक्या लावून घेत आणि भर दुपारी खोलीत संध्याकाळ होई. गल्लीतल्या बायका पुढं, पुरुष मागं भिंतीशी. सगळ्यांत पुढं रोशनबी. ती समोरच्या घरात ब्लाउज शिवायची. रविवारी मशीनवर झाकण घालून ती सगळ्यांच्या आधी येऊन बसे. हिंदी तिला चांगली समजायची, म्हणून ती बायकांना गोष्ट सांगत जायची आणि इन्स्पेक्टरच्या आधी खुनी ओळखायची. चुकलेली मी तरी पाहिली नाही. त्याचा तिला भारी तोरा होता आणि मलाही तो आवडायचा.

तिची शिष्या म्हणजे शालन. अंगणातल्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कृष्णात गवंड्याची ही बायको. स्टोव्हवर काहीतरी ठेवून यायची, म्हणून आत न बसता उंबऱ्यावरच टेकायची, गुडघ्यावर हनुवटी ठेवून. माझ्या खालच्या हिरव्या पट्ट्यात, डाव्या कोपऱ्यात, तिची जागा ठरलेली होती.

"मावशी, कोण निघणार वो?" अर्ध्यातच ती विचारायची.

"गप बस की. शेवटाला सांगतो," रोशनबी म्हणायची. "आनि खुनी कोण हाय ते शोधत बसू नगंस. कोण कुठं बघतंय, ते बघ."

मग एका रविवारी उंबरा रिकामा राहिला. कृष्णात म्हणाला, "माहेराला गेलीया, कागलला. तिची आई आजारी हाय." त्याच आठवड्यात त्यानं अंगणातल्या जुन्या आडावर दगडी फरशी बसवली आणि कडेनं सिमेंट भरलं. नळ आल्यापासून त्या आडाचं पाणी कुणी काढत नव्हतं. पोरं खेळतात, एखादं पडायचं, असं तो म्हणाला. बाळाबाईंनी त्याला तोंड भरून आशीर्वाद दिला आणि आण्णांनी चहा पाजला. कृष्णात होताच तसा, खाली मान घालून वागणारा.

पुढं एका रविवारी मालिकेचा असा एक भाग लागला. एका माणसाची बायको नाहीशी झालेली असते. तो सगळ्यांना सांगत असतो की ती गावाला गेलीय. रोशनबी बायकांना नेहमीसारखी गोष्ट सांगत होती. सांगता सांगता ती मध्येच थांबली. शेवटी इन्स्पेक्टर त्या माणसाच्या घरात जातो, दिवा मालवतो आणि अंधारात वाट बघत बसतो. पडदा काळा झाला तो काळाच राहिला.

खोली माझ्यात उमटली. बायका, आण्णा, भिंतीशी बसलेला कृष्णात. आणि हिरव्या पट्ट्यात, उंबऱ्यावर, शालन. गुडघ्यावर हनुवटी होती. केस ओले होते. पदर खांद्याभोवती घट्ट ओढलेला होता आणि ती सगळ्यांसारखी पडद्याकडं बघत होती.

रोशनबीनं तिला माझ्यात पाहिलं. तिनं गर्रकन मागं वळून बघितलं, तर उंबऱ्यावर कुणी नव्हतं. पुन्हा माझ्याकडं बघितलं, तर शालन होती. मग रोशनबीनं तेच केलं जे ती शालनला शिकवायची. कोण कुठं बघतंय ते बघितलं. सगळी गल्ली पडद्याकडं बघत होती. एकट्या कृष्णातनं मान वळवली होती. तो रिकाम्या उंबऱ्याकडं बघत होता आणि बघता बघता त्यानं आपले पाय पोटाशी ओढून घेतले.

पडद्यावर उजेड आला. बायकांनी विचारलं, "रोशनबी, कोण निघाला?" ती काहीच बोलली नाही. असं पहिल्यांदाच झालं.

सगळे गेल्यावर ती एकटी मागं थांबली. "आण्णा, आड उघडा," ती म्हणाली.

आण्णांनी का म्हणून विचारलं. तिनं सगळं सांगितलं. आण्णा आधी हसले, मग वैतागले. "रोशनबी, ती सिरियल बघून बघून डोकं फिरलंय तुमचं. आता माझ्याच अंगणात खून दिसाय लागला व्हय?"

"गरीब पोरगं हाय वो ते," बाळाबाई म्हणाल्या. "असं बोलू न्हाई कुणाला."

दुसऱ्या दिवशी तिला गल्लीत इन्स्पेक्टरीण म्हणून चिडवायला लागले. इतके दिवस ज्याचं कौतुक होतं त्याचीच आता थट्टा झाली. दुसऱ्या कुणी तेच सांगितलं असतं तर कदाचित कुणी ऐकलं असतं. मला फार वाईट वाटलं, पण मला कोण विचारतंय?

त्याच दिवशी रोशनबी कुणाला न सांगता एसटीत बसली आणि कागलला गेली. संध्याकाळी परत आली ती थेट आण्णांच्या घरी. हे सगळं तिनं माझ्यासमोरच सांगितलं, म्हणून मला कळलं. शालनची आई झुंबरबाई ठणठणीत होती, दारात शेंगा फोडत बसली होती. रोशनबीनं तोंड उघडायच्या आधीच तिनं विचारलं, "आमची शालन वारणानगरला रमली का वो? जावई सांगून गेलं, तिकडं बांधकाम मिळालंय, बिऱ्हाड हालवलंय म्हणून." रोशनबी दारातूनच परत फिरली. निघताना झुंबरबाईनं लेकीसाठी शेंगदाण्याचे लाडू फडक्यात बांधून दिले.

रोशनबीनं ते फडकं आण्णांच्या पुढ्यात ठेवलं.

"वारणानगरला पोचतं करा म्हणाली. कुठं पोचवू, आण्णा?"

आण्णांनी ती गाठ हातात घेतली आणि परत खाली ठेवली. मग उठले आणि पहार घेऊन बाहेर गेले. कृष्णातच्या खोलीला कुलूप होतं. आदल्या दिवशी मालिका संपल्यावर जो गेला होता, तो आलाच नव्हता.

मला आतून अंगण दिसत नव्हतं. मी पहारीचे घाव ऐकले, मग फरशी सरकल्याचा आवाज. बाळाबाई अंगणातून परत आल्या. त्या उंबऱ्यावर, शालनच्या जागी, बसल्या आणि मग एकदम उठून बाजूला झाल्या.

पोलीस आले, त्यांनी शालनला आडातून वर काढलं आणि कृष्णातला शोधत ते वारणानगरपर्यंत जाऊन आले. कृष्णात मिळाला नाही. पुढं आण्णांनी खराखुरा रंगीत टीव्ही घेतला आणि मला अडगळीत टाकायला काढलं. रोशनबीनं मला मागून घेतलं. आता मी तिच्या शिलाई मशीनसमोर भिंतीला खिळलेली आहे. माझ्यामागं तिनं काळं अस्तर लावलंय. त्यामुळं माझ्यात आता चित्र कधीच येत नाही, फक्त खोली दिसते. मी ओरखड्यांनी भरलेय, निळा पट्टा विटलाय. हिरवा मात्र तसाच आहे.

रोशनबी खुनाच्या मालिका आता बघत नाही. काम करता करता तिचं मशीन थांबतं. मागच्या उंबऱ्याकडं ती वळून बघत नाही, माझ्या डाव्या कोपऱ्याकडं बघते. "अजून सापडला न्हाई बाई," म्हणते. "बस तू."

म्हणून तुम्हाला विनंती आहे. तुमच्याही घरी टीव्हीसमोर माणसं जमत असतील, पाव्हणे येत असतील. पडद्यावर अंधार झाला की काचेत बघा. त्यांतला एखादा माणूस मान वळवून रिकाम्या दाराकडं बघत असेल आणि पाय पोटाशी ओढून घेत असेल, तर हसू नका. मंगळवार पेठेत रोशनबीला निरोप द्या. शालन अजून उंबऱ्यावरच बसून आहे. शेवटाला सांगेन, असं रोशनबीनं तिला कबूल केलंय.